थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला तर: स्वरतंतूच्या लकव्यावरचे उपचार टप्प्याटप्प्याने

थायरॉइडचे ऑपरेशन झाले, गाठ निघाली, टाके सुकले, पण फोन उचलला की समोरचा विचारतो, "कोण बोलतंय?" आवाज घोगरा, हवा सुटल्यासारखा, वाक्य संपायच्या आत दम संपलेला. पाणी पिताना ठसका. घरचे म्हणतात, घसा बसलाय, हळदीचे दूध घे. काही वेळा ते खरेही असते. पण बऱ्याचदा घशाला काहीच झालेले नसते, दुखावलेली असते ती स्वरतंतूंना हलवणारी नस.

ही नस थायरॉइडच्या मागून, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून वर चढते आणि स्वरयंत्रात शिरते. जाडीला शेवईएवढी, रंगाने पांढुरकी. मेंदूकडून उतरणाऱ्या मोठ्या व्हेगस नसेची ही फांदी. डावीकडची तर छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालून पुन्हा मानेत येते, म्हणून तिला 'परत फिरणारी' नस म्हणतात. स्वरयंत्रात शिरण्याआधीच्या शेवटच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये ती थायरॉइडला श्वासनलिकेशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला अगदी खेटून असते. ग्रंथी उचलताना तिथेच ती ताणली जाते. नस कापली जाणे त्या मानाने दुर्मीळ आहे. ताण, दाब आणि रक्तस्राव थांबवण्याच्या यंत्राची धग ही नेहमीची कारणे. अनुभवी हातांतही शंभरात पाच ते दहा जणांचा आवाज काही काळापुरता बिघडतो आणि एखाद-दुसऱ्याचा कायमचा. म्हणजे बहुतेकांची नस जागी होते. मात्र त्यासाठी महिने लागतात आणि ते महिने हातावर हात ठेवून काढायचे नसतात. नस सुधारण्याची वाट पाहायची, पण आवाज आणि गिळणे यांचे उपचार त्यासाठी अडवून धरायचे नाहीत. पुढचा सगळा लेख हे कसे करायचे त्याबद्दल आहे.

पहिले दोन-तीन दिवस: कशाला घाबरायचे, कशाला नाही

भूल देताना श्वासनलिकेत नळी घातलेली असते. तिच्यामुळे घसा दुखणे, आवाज जड होणे हे दोन-तीन दिवस चालते आणि रोज थोडे थोडे कमी होते. हे 'रोज थोडे कमी' महत्त्वाचे. शुद्धीवर आल्यापासून आवाज हवेचा असेल आणि चौथ्या-पाचव्या दिवशीही तसूभर फरक नसेल, तर तो नळीचा परिणाम मानून घरी बसू नका.

तीन गोष्टींत मात्र तासही दवडायचा नाही. एक, मान झपाट्याने सुजणे, ड्रेसिंग घट्ट वाटणे, श्वास कोंडणे: आत रक्त साठत असते. बहुधा पहिल्या २४ तासांत होते, म्हणजे तुम्ही रुग्णालयातच असता. लगेच बेल वाजवा. दोन, श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज: दोन्ही बाजूंचे स्वरतंतू अडकल्याची ही खूण असू शकते. तीन, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, हाताला वांब: कॅल्शियम घसरले आहे. याचा आवाजाशी काय संबंध असे वाटेल; पण कॅल्शियम फार घसरले तर स्वरयंत्र आखडते आणि श्वास अडकतो. अशा वेळी रक्तातले कॅल्शियम तपासल्याशिवाय 'नसेमुळेच असेल' असे गृहीत धरता येत नाही.

लकवा एका बाजूचा की दोन्ही

हा फरक आधी नीट कळला पाहिजे, कारण दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट दिशेने जातात.

स्वरतंतू दोन. बोलताना ते मध्यभागी येऊन भेटतात, श्वास घेताना बाजूला होतात. एका बाजूची नस गेली की तो तंतू मध्याच्या थोडा अलीकडे थिजतो. दुसरा येतो, पण भेट होत नाही. मधल्या फटीतून हवा निसटते म्हणून आवाज फुसका, खोकला दुबळा आणि पाण्याचा घोट श्वासनलिकेकडे घसरतो. इथे उपचार म्हणजे फट बुजवणे.

दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या तर दोन्ही तंतू मध्याजवळ थिजतात. गंमत अशी (गंमत कसली, धोकाच) की मग आवाज बराच चांगला येतो. जागा उरत नाही ती श्वासाला. आवाज ठीक आहे म्हणून निर्धास्त राहिलेला रुग्ण जिना चढताना किंवा रात्री झोपेत घरघरू लागतो. इथे उपचार म्हणजे फट वाढवणे.

तिसरा एक प्रकार सहज हातून निसटतो. थायरॉइडच्या वरच्या टोकाशी आणखी एक बारीक फांदी असते. ती स्वर ताणणाऱ्या स्नायूला जाते. ती दुखावली तर रोजचे बोलणे ठीक चालते. पण वरचा सा लागत नाही, लांबून हाक मारता येत नाही, संध्याकाळपर्यंत आवाज थकतो. गायक, कीर्तनकार, शिक्षक यांनी डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावे, कारण साध्या दुर्बिणीत दोन्ही तंतू हलताना दिसतात आणि 'सगळे नॉर्मल' असा शेरा मिळतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे कधी जायचे

आवाज बदलला असेल तर ऑपरेशननंतर २ आठवडे ते २ महिने या काळात स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. ठसका लागत असेल, ताप येत असेल किंवा तुमची रोजीरोटी आवाजावर असेल, तर पहिल्याच आठवड्यात. 'सहा महिने थांबा, आपोआप येईल' हा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्यातले 'आपोआप येईल' बऱ्याचदा खरे असते, 'थांबा' मात्र चूक.

तपासणी सोपी आहे. नाकात बधिरतेचा फवारा मारून, बोरूएवढी लवचीक दुर्बीण आत सोडतात. तुम्हाला 'ई' म्हणायला लावतात, मग नाकाने हुंगायला. 'ई-हुंग, ई-हुंग' असे चार-पाच वेळा केले की कोणता तंतू हलत नाही ते पडद्यावर तुम्हालाही दिसते. दोन-तीन मिनिटांचे काम. व्हिडिओची प्रत मागून घ्या. पुढच्या तपासणीत तुलना करायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतू पाहण्याची सोय) असेल तर तंतूच्या पृष्ठभागावर उठणारी लाट संथ गतीत पाहता येते आणि बारीक बिघाडही कळतात.

तंतू हलत नाही म्हणजे लकवाच, असे मात्र नाही. नळी घालताना तंतूच्या मागच्या टोकाचे लहानसे कूर्चेचे (मऊ, लवचीक) हाड सांध्यातून सरकले तरी तंतू थिजलेलाच दिसतो. ते आठवड्या-दोन आठवड्यांत लक्षात आले तर जागेवर बसवता येते, उशीर झाला की तिथेच चिकटते. लवकर दाखवा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

जाताना ऑपरेशनचा सविस्तर अहवाल न्या. डिस्चार्ज कार्डावर बहुधा चार ओळीच असतात. खरी माहिती 'ऑपरेशन नोट'मध्ये असते. त्यात शोधायचे ते इतके: नस दिसली होती का, अखंड राहिली का, कर्करोगाने वेढली होती म्हणून कापावी लागली का, नसेवर लक्ष ठेवणारे यंत्र लावले असेल तर शेवटी सिग्नल मिळाला का. नस कापली गेल्याचे लिहिले असेल तर ती आपोआप जुळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही आणि पुढचे सगळे वेळापत्रक बदलते.

घरच्या घरी मोजमाप

एक वही करा. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच वेळी:

१. पोटभर श्वास घेऊन सहज आवाजात 'आऽऽ' धरा आणि घड्याळ लावा. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहा. निरोगी प्रौढ माणसाचा 'आ' साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो. फट मोठी असेल तर तो ४-५ सेकंदांतच संपतो.

२. एका श्वासात 'सऽऽ' किती सेकंद, आणि 'झाड'मधल्या झ-ची मधमाशीसारखी गुणगुण किती सेकंद. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. 'स' हा 'झ'च्या सुमारे दीडपट किंवा जास्त येत असेल तर छातीत दम आहे, पण स्वरतंतू हवा अडवू शकत नाहीत.

३. फोनवर रोजचाच एखादा परिच्छेद वाचून ध्वनिमुद्रित करा. फोन तोंडापासून वीतभर, दर वेळी तीच खोली.

महिन्याभरात 'आ' ५ सेकंदांवरून ९ वर गेला, तर सुधारणा आहे. ती नस जागी झाल्यामुळे असेल किंवा निरोगी तंतू मध्य ओलांडून पलीकडे जाऊ लागल्यामुळे. वहीवरून ते कळत नाही, त्यासाठी दुर्बीणच हवी.

ठसका: आवाजाच्या आधी हे सांभाळा

आवाज नसला तर गैरसोय होते. पाणी फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. साठीच्या पुढच्यांनी आणि खोकला क्षीण असलेल्यांनी याकडे आधी पाहावे.

सर्वांत त्रास देते ते साधे पाणी. त्यानंतर चहा, ताक, सार, आमटीचे वरचे पाणी. पातळ पदार्थ घशात वेगाने सरकतो आणि स्वरयंत्र मिटायच्या आत पोचतो. घट्टसर पदार्थ सावकाश जातो. म्हणून काही आठवडे नाचणीची आंबील, भाताची दाट पेज, मऊ खिचडी, वरण-भात कालवून गुरगुट्या, घट्ट दही यांवर भर द्या. फसवे असतात ते दोन थरांचे पदार्थ: ताकात कुस्करलेली भाकरी, दुधातली पोळी, कलिंगड, संत्रे. चावता चावता त्यांतले पाणी सुटून आधीच मागे पळते. चिवडा, चुरमुरे, भडंग, कोरडी शेंगदाण्याची चटणी हे भुरभुरीत प्रकार तूर्त बंद.

पाणी प्यायची रीत: सरळ बसा, लहान कपाने चमचाभर घोट घ्या, तोंड मिटा, लकवा असलेल्या बाजूला मान वळवा आणि मग गिळा. त्या बाजूला वळल्याने तिथली वाट दबते आणि घोट चांगल्या बाजूने उतरतो. गिळून झाल्यावर एकदा हलकेच खोका, पुन्हा कोरडे गिळा. वरून घटाघटा पिणे आणि मान मागे टाकून गोळी घेणे, दोन्ही बंद. गोळी घट्ट दह्याच्या चमच्यात घ्यावी. थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) आणि कॅल्शियमची गोळी यांना मात्र वेगळा नियम: थायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबरच, दही-दुधाबरोबर नाही, आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. हनुवटी छातीकडे टेकवून गिळण्याचा सल्लाही मिळेल. तो काहींना उपयोगी पडतो, काहींचा ठसका उलट वाढवतो. दुर्बिणीखाली गिळण्याची तपासणी करून तुमच्यासाठी कोणती रीत ते ठरवून घ्या.

आवाजाचे व्यायाम

वाचा-उपचारतज्ज्ञ (बोली भाषेत स्पीच थेरपिस्ट) फक्त तोतऱ्या मुलांसाठी असतात हा समज आधी सोडा. पदवीपुढे बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालयाचा विभाग, पुण्यात भारती विद्यापीठाचे महाविद्यालय इथे हे शिक्षणही चालते आणि रुग्णही पाहतात. गावाकडे तज्ज्ञ नसेल तर पहिली भेट प्रत्यक्ष, पुढच्या व्हिडिओवर असे चालते.

व्यायामाने नस जोडली जात नाही. निरोगी तंतूला पलीकडे जायची सवय लागते आणि, त्याहून महत्त्वाचे, चुकीच्या सवयी लागत नाहीत. आवाज फुटत नाही म्हणून माणूस मानेच्या शिरा ताणून, घसा आवळून बोलतो. स्वरतंतूंच्या वरचे स्नायू मिटायला लागतात. पुढे नस बरी झाली तरी ती आवळण्याची खोड राहते आणि आवाज घुसमटलेलाच येतो.

टाके भरल्यावर आणि सर्जनने होकार दिल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून:

पाण्यातली नळी: पेल्यात चार बोटे पाणी, त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. ओठ घट्ट मिटून स्ट्रॉमधून 'ऊऽऽ' म्हणा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. बुडबुडे आले पण आवाज नाही, तर नुसती हवाच जाते आहे. आवाज आला पण बुडबुडे अडखळले, तर घसा आवळता आहात. एकेका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी प्यायचे नाही, फक्त फुंकायचे.

गुणगुण: ओठ मिटून 'म्ऽऽ'. थरथर नाकाच्या दांडीवर आणि ओठांवर जाणवली पाहिजे, गळ्यात नाही. जमले की 'म्ऽऽ-मा', 'म्ऽऽ-मी', मग 'मामा', 'मन', 'माझं नाव'.

मान वळवून आवाज: लकवा असलेल्या बाजूला मान वळवून 'आ' धरा, मग सरळ होऊन तोच 'आ' टिकवून पाहा. वळवल्यावर आवाज स्पष्ट झाला तर तो शुभशकुन समजा. फट बुजली तर आवाज येईल, याची ही फुकट मिळालेली चाचणी आहे. गळ्याच्या कूर्चेवर बाजूने बोटाने दाबूनही असेच पाहतात, पण ताज्या टाक्यांवर ते स्वतः करू नका, तज्ज्ञ करतील.

जुन्या पद्धतीत भिंत ढकलत किंवा खुर्ची उचलत जोरात 'आ' म्हणायला लावत. आता ते टाळतात, कारण त्यातून नेमकी आवळण्याचीच सवय लागते.

खाकरणे सोडा, त्याऐवजी घोटभर पाणी किंवा कोरडे गिळणे. कुजबूज म्हणजे विश्रांती नव्हे. जोर लावून केलेली कुजबूज घशाला बोलण्याइतकीच शिणवते. वर्गात शिकवणाऱ्यांनी कमरेला लावायचा लहान माइक-स्पीकर घ्यावा, लाजू नये. गुळण्या, ज्येष्ठमध, खडीसाखर, मध यांबद्दल स्पष्टच सांगायचे तर गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही (पोचले तर ठसका लागेल) आणि नसेवर यांतल्या कशाचाही परिणाम नाही. ज्येष्ठमध रोज आणि जास्त खाल्ला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरते. बी-१२च्या गोळ्या सर्रास लिहून देतात. शरीरात बी-१२ची कमतरता असेल तर घ्याव्यात, एरवी त्यांनी लकवा लवकर उलटतो असा भरवशाचा पुरावा नाही.

इंजेक्शन: तात्पुरती टेकू

तीन-चार आठवड्यांत ठसका थांबत नसेल किंवा आवाजाशिवाय काम अडले असेल, तर थिजलेल्या तंतूत भराव टोचून तो मध्याकडे सरकवतात. हे लवकर केले म्हणून नसेच्या सुधारणेला बाध येत नाही. उलट लवकर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी अनेकांना पुढे कायमच्या ऑपरेशनची गरज पडत नाही असे दिसते, बहुधा तंतू सोयीच्या जागी स्थिरावतो म्हणून.

भराव कोणता, हे किती काळ टेकू हवा त्यावर ठरते. जिलेटिनचा भुगा चार ते सहा आठवडे, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज दोन-तीन महिने, हायलुरोनिक आम्ल चार-सहा महिने किंवा थोडे अधिक, कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइट वर्ष-दीड वर्ष. पोटाची स्वतःची चरबी स्वस्त पडते, पण बराच भाग विरघळतो, म्हणून मुद्दाम जास्त भरतात आणि बहुधा पूर्ण भूल लागते. पहिल्या सहा महिन्यांत नस जागी होण्याची आशा असताना दीड वर्ष टिकणारा भराव घालू नये, हे आमचे ठाम मत. पूर्वी टेफ्लॉन टोचत; त्याभोवती वर्षांनी गाठी झाल्या आणि ते मागे पडले. कोणी अजून सुचवले तर नकार द्या.

बहुतेक ठिकाणी हे जागेपणी, खुर्चीत बसवून होते. नाकात-घशात लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध देतात, एक डॉक्टर दुर्बीण धरतात, दुसरे मानेच्या पुढून सुई घालतात. साधारण अर्धा ते एक मिली भराव पुरतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. झाल्यावर दीड-दोन तास पाणीसुद्धा नाही. घसा बधिर असतो आणि ठसका कळतही नाही. पहिले काही दिवस आवाज आवळलेला येतो, कारण भराव थोडा जास्तच घातलेला असतो. बिघडते ते असे: भराव तंतूच्या कडेला उथळ पडला की कड कडक होते आणि लाट थांबते, मग फट नसूनही आवाज खरखरीत राहतो. श्वासाला त्रास किंवा शिट्टी आली तर लगेच परत जा.

किती थांबायचे

नुसती ताणलेली नस काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत शुद्धीवर येते. आतले धागे तुटले पण आवरण शाबूत असेल, तर धागे दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात. त्याला चार-सहा महिने, कधी अधिक लागतात. म्हणून कायमचे ऑपरेशन करण्याआधी ९ ते १२ महिने थांबायचा संकेत आहे. हा संकेत नस शाबूत असलेल्यांसाठी आहे.

मधे अंदाज घ्यायचा असेल तर स्वरयंत्राची ईएमजी: मानेतून बारीक सुई स्नायूत घालून त्यातले विद्युत संदेश पाहतात. महिन्याच्या आत केली तर फसवी ठरते, सहा महिन्यांनंतर फारसे नवे सांगत नाही. सहकार्य करणारा स्नायू-नसातज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघे एकत्र असतील तिथेच करावी.

आवाज जड होण्याचे दुसरे कारण या काळात विसरू नका. थायरॉक्सिनचा डोस कमी पडला, किंवा कर्करोगावरच्या रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) उपचारासाठी ती गोळी काही आठवडे बंद केली, तर स्वरतंतूंना सूज येऊन आवाज घोगरा होतो. रक्तातले टीएसएच (हा डोस पुरतो का ते सांगणारी तपासणी) पाहा, लकवा वाढला असे समजून घाबरू नका.

कायमचा उपाय: थायरोप्लास्टी

जपानमधल्या क्योतोच्या इश्शिकी यांनी १९७४ साली मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही पहिली पसंती आहे. गळ्याच्या कूर्चेत, तंतूच्या पातळीवर, पाच-सहा मिलिमीटर उंचीची आणि सुमारे सेंटिमीटरभर लांबीची खिडकी करतात आणि आतून तंतूला मध्याकडे रेटणारी पाचर बसवतात: सिलिकॉनची कोरून केलेली, गोअर-टेक्सची पट्टी किंवा टायटॅनियमची. थायरॉइडच्या ऑपरेशनचाच जुना छेद बऱ्याचदा पुन्हा वापरता येतो.

रुग्ण जागा असतो, हे यातले मर्म. टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टर म्हणतात, 'एक ते दहा मोजा.' पाचर अर्धा मिलिमीटर आत सरकवतात, पुन्हा मोजायला लावतात. आवाज घट्ट झाला की थोडी मागे घेतात. अंतिम माप कानाने ठरते, पट्टीने नाही. म्हणून भुलीची भीती असेल तरी 'मला पूर्ण झोपवूनच करा' असा हट्ट धरू नये. मागच्या बाजूची फट मोठी असेल किंवा दोन तंतू वर-खाली पातळीवर असतील, तर नुसत्या पाचरीने भागत नाही. कूर्च्याच्या लहान हाडाला टाका घालून वळवावे लागते. 'मागची फट आहे का?' हा प्रश्न आधीच विचारा.

एक रात्र रुग्णालयात राहावे लागते, कारण आत सूज किंवा रक्त साठून श्वास अडू शकतो. आवाज टेबलावर छान येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजेमुळे बसतो आणि मग चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतो. मधल्या घसरणीला घाबरून कोणी 'फेल गेले' म्हणू नये. खर्चासाठी शासकीय आरोग्य योजनेत हे पॅकेज बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरण्याआधीच विचारून ठेवा.

नसेला नस जोडणे

नस कापल्याचे त्याच ऑपरेशनमध्ये दिसले तर तिथल्या तिथे जोडावी. टोके ताणाविना पोचत नसतील तर मानेतल्या स्नायूंकडे जाणारी जवळची नस (अन्सा सर्व्हायकॅलिस) आणून जोडतात. नंतरही हे करता येते. यात तंतू पूर्वीसारखा उघड-मीट करत नाही, ही गोष्ट आधी समजून घ्या. त्याला ताकद येते, तो सुकत नाही, भरीव राहतो. फळ दिसायला चार ते नऊ महिने लागतात, म्हणून तोवर तात्पुरते इंजेक्शन देतात. वय कमी असेल तर याचा गुण जास्त; साठीनंतर थायरोप्लास्टी बरी.

दोन्ही बाजू गेल्या असतील तर

इथे पहिला हक्क श्वासाचा. अडचण तीव्र असेल तर गळ्याला छिद्र पाडून नळी, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी. काही ठिकाणी नळी टाळून एक तंतू टाक्याने तात्पुरता बाजूला ओढून ठेवतात. नस जागी झाली की टाका काढतात. वर्षभरात हालचाल आली नाही तर लेझरने एका तंतूचा मागचा भाग कापून वाट मोठी करतात. जितकी वाट वाढते तितका आवाज विरतो, आणि कापलेले परत येत नाही. म्हणून कमी कापून, गरज पडली तर दुसऱ्यांदा थोडे कापणे शहाणपणाचे.

नळी असेल तर घरी कफ ओढून काढणारे सक्शन यंत्र, एक मापाने लहान अशी जादा नळी आणि आतली नळी दिवसातून दोन-तीनदा धुण्याची सवय हवी. बोलण्याची झडप लावायची असेल तर नळीचा फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय कधीही लावू नका. फुगा भरलेला असताना झडप लावली तर श्वास आत जातो आणि बाहेर यायला वाटच उरत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा करून दाखवा.

पाकिटात ठेवायचा कागद

एका कागदावर लिहा: कोणत्या बाजूचा स्वरतंतू हलत नाही, कधीपासून, कोणता भराव किंवा पाचर, कोणत्या तारखेला. पुढे कुठलेही ऑपरेशन ठरले की तो भूलतज्ज्ञाला दाखवा. ते लहान मापाची नळी निवडतात. थायरॉइडची उरलेली बाजू, मानेचा मणका किंवा मानेतली रक्तवाहिनी यांचे ऑपरेशन असेल तर त्याआधी दुर्बिणीने पुन्हा तपासल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका. एकच चालता तंतू उरला आहे.

कर्करोगासाठी पेट-स्कॅन होणार असेल तर तो कागद तिथेही द्या. या स्कॅनमध्ये टोचलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त ओढली जाते ती जागा उजळते. थिजलेला तंतू ही साखर ओढत नाही, जास्त राबणारा निरोगी तंतू भरपूर ओढतो आणि पडद्यावर तोच गाठीसारखा उजळतो. कॅल्शियमचा भरावही तसाच चमकतो. ही माहिती नसलेल्या, स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरने त्यावर 'पसरल्याची शंका' लिहिली की घर आठवडाभर झोपत नाही.